जुमैयाबाईंच्या कॉटजवळचं स्टूल

सोलो, मंगळवार

ती. वुर्यानीताईंना,

अस्सलामु अलैकुम. धाकट्या कादारवातीचा गुडघे टेकून सलाम. (टेकले असं समजा. टाके अजून ताजे आहेत, आणि मी एकदा खाली बसले की उठवायला सूनबाई आणि शेजारीण अशा दोघी लागतात.) तुमची तब्येत बरी असेल, भावोजींचा खोकला थांबला असेल आणि सुराबायाचा उकाडा नेहमीसारखाच असेल, अशी आशा करते. इकडे सगळं ठीक. सूनबाई एस्ती माझी सेवा मनापासून करते. फक्त स्वयंपाक अळणी करते आणि त्याचं खापर डॉक्टरांवर फोडते.

फोन न करता पत्र का लिहिलं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. ताई, रागावू नका, पण तुमच्या घरी फोन आला की तुम्ही तो सगळ्यांना ऐकू जाईल असा करून टेबलावर ठेवता. मी "कशा आहात" विचारते आणि सहा जण उत्तर देतात. मला जे सांगायचंय ते सहा जणांत सांगण्यासारखं नाही. एकालाही सांगण्यासारखं नाही खरं तर, पण तुम्ही मोठ्या आहात.

तर ऑपरेशन. पोट उघडून पित्ताशय काढलं, खडा निघाला, ताप नाही, जखम कोरडी होत आलीय. डॉक्टर विरातमो म्हणजे देवमाणूस. चाळिशीचे असतील, बोटं लांब, आवाज मऊ, आजोबा राजवाड्यात गामेलानची वाद्यं वाजवायचे. ऑपरेशनबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तक्रार आहे ती शेजारच्या कॉटबद्दल, आणि ती मी सविस्तर करणार आहे, तेव्हा चहा ठेवायचा असेल तर आत्ताच ठेवा.

त्याआधी एक सांगते. मला डॉक्टरांना एक गोष्ट विचारायची होती. खड्यांची नव्हे. दुसरीच, डाव्या काखेजवळची, किरकोळ. म्हटलं, एवढे मोठे सर्जन आयतेच रोज समोर येणार, तर विचारून टाकू. सहा दिवस आणि एक प्रश्न, वेळच वेळ. विसरायला नको म्हणून दाखल व्हायच्या आदल्या दिवशी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर लिहायला बसले. आता अशा माणसाशी बोलायचं तर दरबारी भाषेतच बोलायला हवं, आणि आपल्या आईनं शिकवलेली दरबारी भाषा तुम्हाला माहीत आहे. (माहीत होती.) "आपल्या अमूल्य वेळातील काही क्षण या अज्ञ बाईसाठी" इथून सुरुवात केली. पान भरलं. दाखल झाल्यावर ती चिठ्ठी मी उशीखाली ठेवली आणि सहाही दिवस तिथंच होती.

खोली दोघींची. मध्ये हिरवा पडदा. पडद्यापलीकडे जुमैयाबाई, तुमच्या सुराबायाच्या. बंदराजवळ त्यांचं पेतिसचं दुकान आहे. ती काळी कोळंबीची चटणी इतकी वर्षं ढवळून आवाज पातेल्यातून आल्यासारखा झालाय. मुलगी इकडे सोलोत दिलीय, तिच्याकडे आल्या आणि इथंच पोट दुखायला लागलं. त्यांचेही पित्ताचेच खडे, त्यांचेही डॉक्टर विरातमो, त्यांचंही ऑपरेशन माझ्याच दिवशी, फक्त माझ्याआधी. इथूनच सगळं सुरू झालं. मी विचारलं नाही, पण मनात आलंच की आधी का.

शुद्धीवर आले तेव्हा नर्सनं औषधाच्या रिकाम्या डबीत माझा खडा आणून दिला. एकच. सालाक फळाच्या बीएवढा, तपकिरी, गुळगुळीत, दिसायला बरा. मी त्याच्याकडे कौतुकानं बघतेय तोच पडद्यापलीकडे खुळखुळ आवाज आला. त्रेचाळीस! ताई, त्या बाईच्या पोटात त्रेचाळीस खडे होते, पिवळे, मक्याच्या दाण्यांसारखे, आणि संध्याकाळी डॉक्टर विरातमो शिकाऊ डॉक्टरांचा अख्खा घोळका घेऊन ते बघायला आले. त्यांनी डबी स्वतःच्या हातानं हलवून दाखवली. माझ्या डबीकडे एका मुलीनं पाहिलं आणि "वा" म्हणाली, पण ते "वा" म्हणायचं म्हणून म्हटलेलं होतं. मला आयुष्यात सगळं एकेकच मिळालं. एक नवरा, एक मुलगा, एक खडा.

बरं, खड्यांचं सोडून दिलं असतं. मी काही इतकी हलकी नाही. पण स्टुलाचं कसं सोडू? खोलीत निळं प्लॅस्टिकचं एक स्टूल होतं. डॉक्टर आत आले की जुमैयाबाई पातेल्यातल्या आवाजात म्हणायच्या, "आलास? बस की. उभा राहून काय बघतोस, घोडा आहेस का तू?" आणि डॉक्टर विरातमो, ज्यांचे आजोबा राजवाड्यात, ते हसत हसत बसायचे. मावशी म्हणायचे तिला. बाजारातली भाषा बोलायचे, अगदी तू-तुकारीतली. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "माझ्या आतून काढलंस काय ते तरी सांग, नाहीतर मला वाटेल तू रिकामाच चिरलास." तेव्हा त्यांनी तिच्या बिस्किटांच्या खोक्याच्या झाकणावर पित्ताशयाचं चित्र काढून दिलं. चित्र. पेननं. खाली सही नव्हती एवढंच. ते झाकण तिनं सहा दिवस उशाशी उभं करून ठेवलं होतं, माझ्याकडे तोंड करून. (मुद्दाम नसेल. पण भिंतीकडेही तोंड करता आलं असतं.)

माझ्याकडे मात्र डॉक्टर उभे राहायचे. दोन्ही हात पुढं बांधून, किंचित वाकून, दरबारी भाषेत. "बाईसाहेबांना निद्रा सुखाची लागली काय?" पहिल्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला. म्हटलं, ओळखलं माणसानं. सोलोची बाई कोण आणि बंदरावरची बाई कोण, हे त्यांना न सांगता कळलं. मीही तशीच उत्तरं दिली. "आपल्या कृपेनं ठीक आहे." दुखत होतं, पण "माझं पोट दुखतंय" हे दरबारी भाषेत म्हणायचं तर आधी त्यांचा वेळ घेतल्याबद्दल क्षमा मागायची, मग स्वतःच्या पोटाला हलकं म्हणायचं, आणि तिथपर्यंत पोचेतो ते पुढच्या खोलीत गेलेले असायचे. पडद्यापलीकडे काय, "इथं दुखतंय, हात लाव, तिथं नाही रे, इथं," की झालं काम.

मी घड्याळ लावून मोजलं, ताई. खोटं कशाला बोलू? जुमैयाबाईंकडे अकरा मिनिटं. माझ्याकडे दोन. त्या दोनातलं अर्धं वाकण्यात.

आता वाऱ्याचं सांगते. हे वाचताना जवळ कुणी नाही ना बघा, आणि हसलात तर निदान मला कळवू नका.

दाखल झाले तेव्हा मी नर्सला बोलता बोलता म्हटलं होतं, की येताना गाडीत खिडकीशी बसले आणि अंगात वारा शिरला, अंग कसकसतंय. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले, वाकले आणि म्हणाले, "बाईसाहेबांच्या देहातील वारा बाहेर निघाला काय?" मला अगदी भरून आलं. एवढ्या मोठ्या माणसानं माझी बारीकशी गोष्ट लक्षात ठेवली. म्हटलं, बघ कादारवाती, तू उगाच मिनिटं मोजत होतीस. पण खोटं कसं सांगणार? नाण्यानं पाठ खरवडून घेतल्याशिवाय शिरलेला वारा कधी निघालाय? मी नम्रपणे म्हटलं, "अजून नाही. आपण चिंता करू नये." ते म्हणाले, "मग आणखी वाट पाहू." आणि मला जेवण नाही. चमच्यानं पाणी.

पलीकडे लगेच विचारलं, "मावशी, पादलीस का?" त्या म्हणाल्या, "तीनदा. चौथ्यांदा तू आत येताना." आठ वाजता त्यांच्यापुढं गरम पेज आली, वर तळलेला कांदा. मी पडद्यातून वास घेत पडले. मला वाटलं, लाडकी म्हणून मिळाली. ताई, माझ्या मनात तेव्हा जे आलं ते मी नमाजातही कबूल केलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी तोच प्रश्न. मी तेच उत्तर दिलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. मला त्यांचीच दया आली, वाटलं माझ्या एका वाऱ्यापायी बिचाऱ्यांना घोर. त्यांनी नर्सला हळू आवाजात काही सांगितलं आणि मला खाली नेऊन पोटाचा फोटो काढून आणला. आता मात्र मी ठरवलं की असं चालायचं नाही, आपणच काहीतरी करायला हवं. एस्तीला निरोप पाठवला, की येताना बाम आण आणि जुनं जाड नाणं आण. संध्याकाळी तिनं पडदा ओढून, मला कुशीवर करून, पाठ खरवडून दिली. लाल लाल पट्टे उठले, म्हणजे वारा होताच. रात्री छान झोप लागली.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी विचारायच्या आधीच मी म्हटलं, "आपल्या आशीर्वादानं वारा निघाला." त्यांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू. ते म्हणाले, "केव्हा?" मी म्हटलं, "काल सायंकाळी, सूनबाईच्या हस्ते." मग म्हणाले, "सूनबाईंच्या?" मी म्हटलं, "नाण्यानं," आणि पुरावा हवा म्हणून पाठीवरचा कपडा जरा सरकवून दाखवला.

डॉक्टरांनी नर्सकडे पाहिलं. नर्सनं खिडकीबाहेर पाहिलं. आणि पडद्यापलीकडून पातेल्याचा आवाज आला, "अगं बाई, तो पाठीचं नाही विचारत. पादलीस का विचारतोय. आणि डॉक्टर, मी सांगते तुला, ही पहिल्या दिवसापासून पादतेय. हळूच, चादरीत, पण मला ऐकू येतंय. हिला जेवायला घाल आधी."

मी चादर डोक्यावरून घेतली. तशीच राहिले असते आजपर्यंत, पण डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी माझी माफी मागितली, की प्रश्न नीट विचारता आला नाही. मी माफी मागितली, की प्रश्न नीट समजला नाही. त्यांनी माझ्या उपासाबद्दल मागितली, मी त्यांच्या काळजीबद्दल मागितली, मग त्यांनी फोटो काढायला लावल्याबद्दल पुन्हा मागितली. सात मिनिटं. सहा दिवसांतली माझी सगळ्यांत लांब भेट, आणि ती चादरीच्या आतून झाली. चिठ्ठी उशीखालीच राहिली. पण पेज आली. जुमैयाबाईंनी त्यांच्या वाट्याचा तळलेला कांदा पडद्याखालून माझ्याकडे सरकवला. मी खाल्ला. हेवा वाटत असताना एखाद्याचं खाणं फार जड जातं, तरी सगळा खाल्ला.

पाचव्या दिवशी जे झालं, ते मी अजून मनातल्या मनात घोळवते. डॉक्टर पलीकडचं आटपून उठले, त्यांनी ते निळं स्टूल उचललं आणि माझ्या कॉटजवळ आणून ठेवलं. ताई, पाच दिवस मी ज्या स्टुलाकडे पडद्याच्या फटीतून बघत होते, ते माझ्या कॉटजवळ. ते बसले. टेकलेसुद्धा. माझा हात उशीखाली गेला. चिठ्ठीचं टोक बोटाला लागलं. आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? "आपण बसायची तसदी घेऊ नये. आपल्याला पुष्कळ कामं असतील."

ते सोलोचे. आपल्यासारख्याच घरातले. वडीलधाऱ्या बाईनं तसदी घेऊ नका म्हटल्यावर बसून राहणं त्यांना कसं जमणार? ते उठले, वाकले, स्टूल होतं तिथं नेऊन ठेवलं. ते गेले. मग जुमैयाबाई एवढंच म्हणाल्या, "तू कमाल आहेस हं."

सहाव्या दिवशी घरी सोडायचं होतं. डॉक्टरांनी टाके पाहिले, औषधं लिहिली आणि शेवटी विचारलं, "बाईसाहेबांच्या मनात आणखी काही आहे काय?" ह्याहून सरळ प्रश्न दरबारी भाषेत असतच नाही. मी म्हटलं, "काही नाही. आपली कृपा." तोच पडदा सर्रकन बाजूला झाला. जुमैयाबाई खाली पाय सोडून बसल्या होत्या, हातात खड्यांची डबी. म्हणाल्या, "आहे. उशीखाली कागद आहे. ही सहा दिवस त्याच्यावर झोपतेय." डॉक्टर माझ्याकडे वळले. मी हसून म्हटलं, "धोब्याची यादी आहे."

ते वाकले आणि गेले.

जुमैयाबाई रागावल्या. मला वाटलं होतं की ती बाई कुणावर रागावत नाही, नुसती ओरडते. पण रागावली की हळू बोलते. म्हणाली, "हे बघ, तुझा कागद मी वाचला नाही. मला वाचायचाही नाही. पण तू रोज सकाळी अंग पुसून झालं की डाव्या बाजूला हात लावून बघतेस आणि मग दिवसभर बोलत नाहीस. हे मला दिसतं. तुला बोलता येत नसेल तर नको बोलूस. पण तुझ्या घरात तोंड असलेलं कुणी आहे की नाही?"

मला राग आला. मी म्हटलं, आमच्या घरात सगळे सौम्य आहेत. पोरानं कधी आवाज चढवला नाही, सूनबाई कुजबुजते, आईला तर उभ्या आयुष्यात कुणी मोठ्यानं बोलताना ऐकलं नाही. एक बहीण आहे तेवढी तोंडाळ, पण ती सुराबायाला दिली.

तेव्हा त्या बाईनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला घरी यायची घाई झाली.

ताई, आता खरं सांगते. मला त्या बाईचा हेवा वाटला. स्टुलाचा नाही, चित्राचाही नाही, त्रेचाळीस खड्यांचाही नाही. (खड्यांचा थोडा वाटला.) तिच्या तोंडात जे येतं ते बाहेर पडतं, ह्याचा वाटला. मागच्या ईदला तुम्ही सगळ्या पंगतीत मामांना म्हणालात, "मामा, तुमची कवळी हलतेय, पडेल ताटात," तेव्हा मी तीन दिवस तोंड लपवत होते. तीस वर्षं आम्ही सगळे तुमच्याबद्दल हेच बोलतो, की सुराबायानं पोरगी बिघडवली. तुमच्या पाठीमागे, सौम्यपणे. मामांनी दुसऱ्याच दिवशी कवळी दुरुस्त करून आणली, हे मात्र आमच्यापैकी कुणी बोलत नाही.

असो. पत्र फार लांबलं, तुमचा वेळ घेतला, त्याबद्दल क्षमा. भावोजींना सलाम, नातवंडांना आशीर्वाद. माझी काळजी करू नका. मी अगदी ठणठणीत आहे.

तुमची धाकटी,
कादारवाती

ता. क. : एस्ती विचारतेय, सुराबायाहून येताना पेतिसच्या दोन बरण्या आणाल का? मी तिला म्हटलं, ताई कुठं येतायत. ती म्हणाली, येतील.

ता. क. २ : टाके दाखवायला मला पुढच्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी नऊला बोलावलंय. बुधवारची दुपारची गाडी धरलीत तर संध्याकाळपर्यंत इथं पोचाल. चिठ्ठी सोबत जोडतेय. अख्खं पान भरलंय, अक्षर नीट आहे, पण घरी येऊन वाचली तेव्हा लक्षात आलं, की क्षमा मागता मागता विचारायचं तेवढंच लिहायचं राहिलं. म्हणून इथं लिहिते. डाव्या काखेखाली गाठ आहे. वाटाण्याएवढी. ईदपासून आहे, दुखत नाही. आईचीही आधी दुखत नव्हती. आईनंही सगळ्या डॉक्टरांना "आपली कृपा" म्हटलं, आणि तिच्या शेजारी मी उभी होते, आणि मीही तेच म्हटलं. तुम्ही तेव्हा सुराबायाला होतात.

ता. क. ३ : येताना तोंड घेऊन या. दरबारी भाषा बोलायचा प्रयत्न करू नका, तुम्हाला जमत नाही. जुमैयाबाईंनाही गुरुवारी नऊचीच वेळ आहे, आणि त्या पुढं घुसतील. घुसू देऊ नका. स्टूल दिसलं की आधी धरा, माझ्याजवळ आणा, डॉक्टरांना त्यावर बसवा, आणि मी त्यांना उठा म्हणायला लागले तर माझ्या तोंडावर हात ठेवा.